दुसरी शिट्टी

८ फेब्रुवारी

दादास,

तुझं कुशल विचारत नाही. तू 'गुडघे सोडून सगळं ठीक' असं लिहिणार, आणि मला 'धाकटा सोडून सगळं ठीक' असं काही लिहिता यायचं नाही. तुझं सांत्वनाचं पत्र मिळालं होतं. दोनदा वाचलं, पण उत्तर लिहायला हात वळला नाही. गुडघ्यांमुळे येता आलं नाही म्हणून चार वेळा माफी मागितली आहेस. माफी कसली, तू आला असतास तर मला तुझ्याच उशा सारख्या कराव्या लागल्या असत्या.

आता काम सांगते. कोल्ड स्टोरेजच्या मालकाने काल माणसाकरवी पत्र पाठवलं. कागद इतका जाड की त्याची कॉलर शिवता येईल. आणि सगळं इंग्रजीत! माझा सख्खा भाऊ त्याच्या मशीनरूमच्या जिन्याखाली अमोनियाने गुदमरून मेला, आणि दुखवटा आला तो मला न कळणाऱ्या भाषेत. माणसाला म्हटलं, वाचून दाखव. तो म्हणाला, मला फक्त सही घ्यायला सांगितलंय. मी सही दिली नाही.

त्यात एक लांबलचक शब्द तीनदा आलाय. शेजारच्या केमिस्टला दाखवला, तर त्याने तो 'इनकन्सीव्हेबल' असा वाचला आणि अर्थ सांगितला, 'फार वाईट'. मला ते पटत नाही. फार वाईट म्हणायला कुणी एवढा मोठा शब्द काढत नाही.

तू जन्मभर इंग्रजी शिकवलंस. मला या शब्दाचा नुसता अर्थ नको, वापर सांग. कोण वापरतं, कधी वापरतं, आणि वापरून काय मिळवतं. मला कसलातरी वास येतोय, आणि माझं नाक कधी चुकत नाही हे तुला माहीत आहे.

तुझी,
ठिणगी

*

१५ फेब्रुवारी

प्रिय ठिणगे,

आत्याने तुला हे नाव ठेवलं तेव्हा तू तिच्या नव्या चादरीला भोक पाडलं होतंस. अजून तशीच आहेस हे पाहून, एवढ्या दुःखातही, बरं वाटलं.

शब्दाचं असं आहे. न कळवता पाहुणा आला तर तो अनपेक्षित. जो यायचाच नाही असं आपण धरून चाललो होतो तो आला, तर ते अकल्पित, म्हणजे आपल्या मनात आलं नव्हतं, पण येऊ शकलं असतं. इनकन्सीव्हेबल त्याच्याही पुढचा. अकल्पनीय. म्हणजे कितीही डोकं चालवलं तरी कुणाच्याच मनात येणं शक्य नव्हतं. मेलेला माणूस दारात येऊन उभा राहिला तर ते इनकन्सीव्हेबल. उदाहरण वाईट निवडलं, पण शाईने लिहिलंय, खोडता येत नाही. माफ कर.

वापराचं विचारशील तर लोक तो सैल हाताने वापरतात. भाजी महागली तरी इनकन्सीव्हेबल, जावई वेळेवर आला तरी इनकन्सीव्हेबल. कुणी दुःखाच्या भरात वापरतं, तर कुणी अंग काढून घेताना. पत्र लिहिणाऱ्याच्या मनात यातलं काय होतं, हे मी इथे बसून कसं सांगू?

माझ्या वर्गातला नियम तुला आठवत असेल. शब्द पाठ झाला म्हणजे आला असं नाही. त्याची स्वतःची तीन वाक्यं करायची, मग तो आपला. तूही कर. मन जरा गुंतेल. आणि जेवत जा.

दादा

*

२३ फेब्रुवारी

दादा,

हे घे पहिलं वाक्य. माझ्या भावाचं मरण इनकन्सीव्हेबल नव्हतं, त्याची दर वर्षी रंगीत तालीम व्हायची.

तुला वाटेल, डोकं फिरलं. नीट वाच. कोल्ड स्टोरेजमध्ये दर वर्षी मॉक ड्रिल होतं. अमोनिया गळाला तर काय करायचं याचा सराव. गळती कुठे झाली असं धरायचं? तर मशीनरूमच्या तिसऱ्या व्हॉल्व्हला. का? तर धाकट्यानेच सांगितलं होतं की सगळ्यांत गंजलेला तोच आहे, जाईल तर तोच आधी जाईल. मालक म्हणाला, वा, छान, ड्रिलला हाच धरा. ड्रिलला धरला. बदलला मात्र नाही.

आणि मरायचं काम धाकट्याचं. अंगाने हलका, उचलायला सोपा म्हणून. त्याने सायरनचं बटण दाबायचं, लोखंडी जिन्यावरून धावत खाली यायचं, शेवटच्या पायरीशी पडायचं. बाकीच्यांनी फाटकाशी रांगेत उभं राहायचं. मॅनेजरने पहिली शिट्टी वाजवली की चौघांनी स्ट्रेचर घेऊन आणि बाकीच्यांनी मास्क, पाइप, दार अशा नेमल्या कामाला धावायचं, दुसरी वाजली की मेलेल्याने उठायचं आणि सगळ्यांनी चहा प्यायचा. कारखान्यात त्याला 'मयत' म्हणूनच हाक मारायचे. घरी आरशासमोर उभा राहून विचारायचा, 'ताई, जीभ एवढी बाहेर काढू की जरा कमी?' हसता हसता मी कितीदा सुई बोटात टोचून घेतलीय.

काल पॅकिंगमधल्या मावशी घरी आल्या. पदराशी चाळा करत करत बोलल्या. यंदाचं ड्रिल पुढे ढकललं होतं, आज होईल, उद्या होईल असं चाललेलं. त्या दिवशी सायरन वाजला. सगळे हसत हसत फाटकाशी रांगेत उभे राहिले. धाकटा जिन्यावरून धावत आला, शेवटच्या पायरीशी पडला. कुणीतरी ओरडलं, 'मयत पडला रे!' आणि दादा, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने हात वर केला, तर म्हणाले, यंदा नवीन काहीतरी करतोय. वारा पलीकडे होता म्हणून वास उशिरा आला. सगळे शिट्टीची वाट पाहत उभे होते आणि मॅनेजर मालकाबरोबर नवी जागा बघायला गेला होता.

मी विचारलं, शिट्टी नाही तर नाही, एकाला तरी पुढे जावंसं वाटलं नाही? तर मावशी म्हणाल्या, एका वर्षी पोरं शिट्टीच्या आधीच धावली आणि मालकाचा फोटो बिघडला. स्ट्रेचरचा पुढचा डावा दांडा दर वर्षी मालक स्वतः धरतो, फोटोसाठी. तेव्हापासून मालकाचा हुकूम, शिट्टीशिवाय जो हलेल त्याने दुसऱ्या दिवशी येऊ नये.

मावशींनी माझे हात धरले. मी सोडवून घेतले. त्या टाळ्या वाजवणाऱ्या एकेकाला बघून घेईन. पण आधी मालक. फोटोत माझ्या भावाचं मरण दांड्याला धरून उचलणारा माणूस आता लिहितो, की हे कुणाच्या मनात येणंच शक्य नव्हतं! त्याच्या तोंडातून हा शब्द ओढून काढला नाही, तर मी आत्याने वाढवलेली पोर नाही.

ठिणगी

*

३ मार्च

प्रिय ठिणगे,

तुझं पत्र वाचून खुर्चीतून उठवेना, आणि या वेळी गुडघ्यांचा दोष नव्हता.

पण एक सांगतो, ऐक. तू चिडलीस की आधी ओरडतेस आणि मग विचार करतेस. चौकशी नेमली आहे असं पेपरात वाचलं. अधिकारी सरळ माणूस असेल तर त्याच्यासमोर सगळं येईल. दर वर्षीचे फोटो असतील. रांगेत उभे असलेले लोक असतील. त्यांना बोलू दे. तू मालकाच्या दारात जाऊन तमाशा केलास तर तो म्हणेल, बाई दुःखाने भ्रमिष्ट झाली, आणि लोक मान डोलावतील.

त्या लोकांवरही फार दात धरू नकोस. शिट्टी वाजेपर्यंत हलायचं नाही हे त्यांना वर्षानुवर्षं घोटून शिकवलं होतं. शिकवलेलं माणसाच्या अंगात किती खोल जातं, हे मास्तराइतकं कुणाला माहीत असणार.

दादा

*

२० मार्च

दादा,

तुझा सरळ अधिकारी पाहिला. वाईट नाही, पण त्याच्यासमोर येणार काय? ऑफिसच्या भिंतीवर फोटोंच्या जागी आता नुसते पांढरे चौकोन आहेत. मालक म्हणतो, रंग द्यायचाय म्हणून उतरवले, कुठे ठेवले आठवत नाही. मॅनेजर मोठ्या रजेवर. कामगार एकेक करून आत गेले आणि एकेक करून 'सांगता येत नाही' म्हणून बाहेर आले. मावशीसुद्धा. माझ्याकडे न बघता चपला घालून निघून गेल्या. मालकाने जबाब दिला आणि त्यात पुन्हा तोच शब्द. अधिकाऱ्याने विचारलं, याचा आपल्या भाषेत नेमका अर्थ काय, जाणकार माणसाकडून लिहून आणा. मालक हसून म्हणाला, अगदी योग्य माणसाकडून आणतो.

मला वाटलं होतं तिथेच त्याचा गळा धरावा. धरला नाही. तुझं ऐकलं, नोंद करून ठेव.

मी आता बोलणंच सोडलंय. सकाळपासून मशिनवर बसते. धाकट्याचा करडा गणवेश उसवायला घेतलाय. खांदे फार रुंद नव्हते त्याचे, तरी बरंच काम आहे.

पुढच्या महिन्यात अधिकारी जागेची पाहणी करणार आहेत, सगळ्यांसमोर.

ठिणगी

*

२८ मार्च

प्रिय ठिणगे,

शिवायला बसलीस हे वाचून फार बरं वाटलं. त्याच्या कपड्याची उशी करत असशील, नाहीतर पिशवी. कर. तुझा हात चालू असला की डोकं ताळ्यावर राहतं. पाहणीच्या दिवशी मात्र जाऊच नकोस असं मला वाटतं. तो जिना बघून तुला त्रास होईल. घरी बस, मी त्या दिवशी आठवणीने तुझ्यासाठी लांबलचक पत्र लिहीन.

दुसरं वाक्य अजून आलं नाही.

दादा

*

४ एप्रिल

दादास, म्हणजे ज्याला मी आजवर दादा म्हणत होते त्यास,

दुसरं वाक्य हवंय? घे. आपलाच माणूस शत्रूचं दप्तर उचलेल हे मला इनकन्सीव्हेबल वाटत होतं.

मालक आज स्वतः माझ्या शिवणाच्या दुकानात आला. गाडी दाराला लावून, चष्मा डोक्यावर चढवून. माझ्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, 'ताई, राग सोडा. तुम्हाला माहीत नसेल, तुमचे दादा माझे सर होते. हा शब्द मी त्यांच्याच वर्गात शिकलो. अर्थ लिहून द्यायची विनंती केली, तर सरांनी लगेच हो म्हटलं. काम झालं असं परवाच कळवलंय. घरचेच मोठे माणूस आमच्या बाजूने बोलतायत म्हटल्यावर तुम्ही तरी कशाला ताणताय?'

मी कात्री खाली ठेवली. हातात राहिली असती तर आज चौकशी दुसऱ्याच खुनाची लागली असती.

म्हणून मला गप्प बसवत होतास? म्हणून 'पाहणीला जाऊ नकोस'? लाडका विद्यार्थी! धाकट्याला तू खांद्यावर बसवून जत्रेतला पाळणा दाखवायचास, ते विसरलास? गुडघे गेले तुझे, कणाही गेला असेल हे माहीत नव्हतं. आता लांबलचक पत्र लिहू नकोस. आखूडही लिहू नकोस. मालक संपला की तुझी पाळी.

सही करत नाही. अक्षर ओळखशीलच.

*

९ एप्रिल

ठिणगे,

आखूडच लिहितो.

हो, तो माझा विद्यार्थी. हो, अर्थ लिहून दिलाय. मालकाला नाही, थेट चौकशी अधिकाऱ्यांना, रजिस्टर पोस्टाने. मालकाला फक्त 'काम झालं' एवढंच कळवलं. सरांवर त्याचा एवढा विश्वास, की काय लिहिलं हे विचारायचंही त्याला सुचलं नाही.

तुला आधी सांगितलं असतं तर तू ते दुसऱ्याच दिवशी त्याच्या तोंडावर फेकलं असतंस. तुझ्या पोटात काही राहत नाही, हे चादरीच्या वेळेपासून पाहतोय. जाऊ नकोस म्हटलं ते मात्र तुझ्या काळजीनेच. ते परत घेतो. पाहणीला जा. पुढे उभी राहा आणि ऐक.

माझाही भाऊ गेलाय. मी तुझ्यासारखा ओरडत नाही म्हणून मला राग येत नाही असं समजू नकोस.

दादा

*

२६ एप्रिल

दादा,

निकाल आधी सांगते, कारण तू पत्र नेहमी शेवटाकडून वाचतोस. अहवालात अधिकाऱ्यांनी लिहिलंय की अशी घटना घडू शकते हे मालकाला पूर्ण माहीत होतं, इतकं की तिचा दर वर्षी सराव होत असे. मालकावर आणि मॅनेजरवर खटला भरायची शिफारस झाली आहे. कोल्ड स्टोरेजला कुलूप लागलंय, आत साठवलेली सफरचंदं दुसरीकडे हलवली. आता नीट पहिल्यापासून वाच.

पाहणीला सगळे अंगणात जमले होते. कामगार फाटकाशी, अधिकारी आणि त्यांचा लेखनिक जिन्याजवळ, मालक सावलीत. मालकाने जबाब वाचला, शब्द आला. मग अधिकाऱ्यांनी तुझा कागद काढला. मालक छाती काढून उभा राहिला. सरांचं अक्षर दिसलं की बक्षीस मिळणार असा चेहरा! अधिकाऱ्यांनी मोठ्याने वाचलं. 'हा शब्द वापरायला एकच अट आहे. ती गोष्ट कुणाच्याही मनात आलेली नसावी. एका माणसाच्या मनात जरी ती येऊन गेली असेल आणि त्याने ती बोलून दाखवली असेल, तर हा शब्द वापरणारा खोटं बोलतो आहे.' आणि खाली तू लिहिलेलं, 'माझा हा विद्यार्थी शब्द पाठ करी, पण वाक्यं करायची वेळ आली की पाणी प्यायला बाहेर जाई. त्याच्याकडून या शब्दाची तीन वाक्यं आता करून घ्यावीत.'

अधिकारी मालकाकडे बघत राहिले. दादा, तो खरंच पाणी मागायला लागला. माझ्या जिवाला इतकं बरं वाटलं की तुला सांगता येत नाही. तुझ्या कण्याबद्दल लिहिलं ते मागे घेते. गुडघ्यांबद्दलचं तसंच राहू दे.

पण तो सावरला. म्हणाला, 'सर आता वयस्कर झालेत. ही घटना कुणाच्या मनात आली होती, याला पुरावा काय? कोण सांगतंय?' आणि फाटकाशी उभ्या असलेल्यांकडे वळून पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली.

मग मी अंगावरची शाल काढली. आत धाकट्याचा गणवेश होता. मी त्याची उशी केली नव्हती रे, माझ्या मापाचा केला होता. मी जिना चढले. वर सायरनचं बटण आहे, ते दाबलं. धावत खाली आले, अगदी तो यायचा तशी, शेवटून दुसरी पायरी चुकवून. आणि शेवटच्या पायरीशी पडले. डोळे मिटले. जीभ किती बाहेर काढायची हे मला पाठ होतं.

सायरन बंद झाला. कुणी हलेना. फरशी गार होती. मला वाटलं, फसलं. हे लोक आताही शिट्टीची वाट पाहत उभे राहणार. फोटो उतरवता येतात, पण इतक्या वर्षांची सवय अंगातून कुणी उतरवू शकत नाही असा माझा हिशोब होता, आणि तीच सवय आता माझ्यावर उलटली असं वाटून मी दात आवळून पडून राहिले. त्या क्षणी मला त्या प्रत्येकाचा गळा दाबावासा वाटला.

मग पावलं ऐकू आली. धावणारी. शिट्टीशिवाय. मावशींचा आवाज, 'उचला रे, उचला, या वेळी तरी उचला!' कुणी मास्क आणायला पळालं, कुणी पाण्याचा पाइप ओढला, कुणी दुसरं दार उघडलं. जो तो आपापल्या जागी. एकही माणूस चुकला नाही, दादा. मावशी रडत होत्या आणि रडता रडता जागा सांगत होत्या. अधिकाऱ्यांनी विचारलं, 'हे सगळं कुणी शिकवलं तुम्हाला?' तर सगळे एकदम बोलायला लागले. गंजलेला व्हॉल्व्ह, फोटो, हुकूम, त्या दिवशीच्या टाळ्या, सगळं. लेखनिकाला लिहून पुरवेना.

मला स्ट्रेचरवर ठेवलं. तिघांनी तीन दांडे धरले. आणि थांबले.

अधिकाऱ्यांनी विचारलं, 'चौथा कोण?'

'पुढचा डावा दांडा मालकांचा असतो, साहेब,' एक हमाल म्हणाला. 'दर वर्षी.'

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग बूट वाजले. दांडा उचलला गेला. मी डोळे किंचित उघडले तर डोक्यावर त्याचा चेहरा, उलटा, घामाने थबथबलेला. या वेळी फोटो काढायला कुणी नव्हतं. मला फाटकापर्यंत नेलं. मी काही धाकट्यासारखी हलकी नाही, तो सारखा दांड्याची पकड बदलत होता. ड्रिलमध्ये तिथे मॅनेजर उभा असतो. मॅनेजर नव्हता. कुणी खाली ठेवेना, कारण खाली ठेवायचं कुणी सांगितलं नव्हतं. अंगणात सगळे उभे, अधिकारी उभे, आणि तो मला धरून उभा.

मला समाधान झालं का असं तू विचारशील. झालं. खोटं कशाला बोलू? धाकटा परत आला नाही, पण समाधान झालं. त्या माणसाच्या नाकावरून घाम माझ्या कपाळावर पडला तो मी पुसलासुद्धा नाही.

शेवटी तो वाकून हळूच म्हणाला, 'ताई, पुरे झालं. उठा आता.'

मी डोळे मिटून घेतले आणि म्हटलं, 'दुसरी शिट्टी कुठे वाजलीय?'

तुझी,
ठिणगी